लिनक्स मिंटवर फाइलझिला: टाकणं, जुन्या साइट आणणं आणि ‘यादी येत नाही’ची भानगड

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. वाचनालयाच्या कार्यालयातला संगणक विंडोज ११ घेत नाही, विंडोज १०चं अधिकृत समर्थन १४ ऑक्टोबर २०२५ला संपलं, म्हणून तुम्ही त्यावर लिनक्स मिंट टाकून घेतलं. जुन्या पुस्तकांच्या स्कॅन केलेल्या पीडीएफ संकेतस्थळावर चढवायला तुम्ही आजवर विंडोजवर फाइलझिला वापरत होता. आता ते मिंटवर कसं टाकायचं, साइटच्या जुन्या नोंदी कशा आणायच्या, आणि दुसऱ्या एका लॅपटॉपवर करून पाहिलं तेव्हा लॉगिन होऊनही फोल्डरची यादी का आली नाही, हे तुम्हाला हवंय. जाता जाता असंही विचारलंय की सर्व्हरवर एकाच मराठी नावाच्या दोन-दोन फाइली कशा दिसतात. हा शेवटचा प्रश्न सगळ्यात मजेदार आहे, पण क्रमाने घेऊ.

टाकणं हा यातला सर्वांत सोपा भाग. विंडोजवरची आपली सवय म्हणजे ब्राउझर उघडायचा, सॉफ्टवेअरचं नाव शोधायचं आणि पहिला दुवा दिसेल तिथून उतरवून घ्यायचं. लिनक्सवर ही सवय आधी सोडा. फाइलझिलाच्या बाबतीत तर विंडोजवरही ती धोक्याचीच होती: २०१४च्या जानेवारीत अवास्ट कंपनीने फाइलझिलाच्या हुबेहूब पण पासवर्ड चोरणाऱ्या नकली आवृत्त्या उघडकीला आणल्या होत्या, आणि अस्सल विंडोज इन्स्टॉलरबरोबरही नको ती जोड-सॉफ्टवेअरं गळ्यात मारली जातात म्हणून लोक वैतागलेले असतात. मिंटच्या भांडारातलं, म्हणजे अधिकृत सॉफ्टवेअर-साठ्यातलं, पॅकेज लिनक्सचं ते ‘वितरण’ बनवणाऱ्या लोकांनी स्वतः बांधलेलं असतं, त्यावर सही असते, आणि त्यात असलं काही नसतं.

टर्मिनल उघडा (कंट्रोल, आल्ट आणि टी एकदम). आधी ‘सुडो एपीटी अपडेट’ आणि एंटर. ते संपलं की ‘सुडो एपीटी इन्स्टॉल फाइलझिला’ आणि एंटर. सगळं रोमन लहान अक्षरांत, दोन शब्दांमध्ये एक जागा सोडून. पासवर्ड विचारला जाईल तो तुमच्या संगणकाच्या लॉगिनचा, हॉस्टिंगचा नव्हे. मिंटवर टाइप करताना तारे उमटतात. पुढेमागे डेबियनवर बसलात तर तिथे काहीच उमटत नाही, म्हणून कीबोर्ड बिघडला असं समजू नका. उबुंटूवर ‘असं पॅकेज सापडत नाही’ असा संदेश आला तर बहुधा ‘युनिव्हर्स’ हा भांडाराचा भाग बंद असतो. तो सुरू करून पुन्हा अपडेट चालवा. फेडोरावर एपीटीच्या जागी डीएनएफ, आर्चवर पॅकमॅन. बाकी गोष्ट तीच.

टर्मिनल नको असेल तर मिंटच्या सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये शोधा. तिथे दोन नोंदी दिसू शकतात, एक साधं सिस्टिम पॅकेज आणि एक फ्लॅटपॅक. फ्लॅटपॅकची आवृत्ती सहसा नवी असते, पण ते स्वतःच्या कुंपणात चालतं. तुमच्या फोल्डरांपर्यंत, पेनड्राइव्हपर्यंत किंवा एसएसएच एजंटपर्यंत (लॉगिनच्या किल्ल्या सांभाळणारा प्रोग्राम) त्याचा हात पोचेलच असं नाही. नव्या माणसाने साधं पॅकेज घ्यावं.

एक ताकीद. काही अडलं की टर्मिनलमधून ‘सुडो फाइलझिला’ चालवा असा सल्ला कुणी ना कुणी देतं. तो ऐकू नका. सुडोने, म्हणजे रूट (संगणकाचा सर्वाधिकारी वापरकर्ता) म्हणून चालवलेल्या फाइलझिलाने उतरवलेल्या फाइली रूटच्या मालकीच्या होतात, आणि मग त्या तुम्हाला स्वतःच्याच संगणकावर हलवता येत नाहीत. सर्व्हरवर ‘परवानगी नाही’ असं येत असेल तर त्याचा तुमच्या संगणकावरच्या सुडोशी काडीचा संबंध नसतो.

आता जुन्या नोंदी. विंडोजचा संगणक किंवा त्याची डिस्क अजून हाताशी असेल तर तिथल्या फाइलझिलात ‘फाइल’ मेनूतून ‘एक्स्पोर्ट’ घ्या, ‘साइट मॅनेजरच्या नोंदी’वर खूण करा आणि निघालेली एक्सएमएल फाइल पेनड्राइव्हवर आणा. इकडे ‘फाइल’ मेनूतून ‘इम्पोर्ट’. डिस्क आहे पण विंडोज सुरू होत नाही, अशी वेळ असेल तर वापरकर्त्याच्या ‘ॲपडेटा’ फोल्डरात ‘रोमिंग’ आणि त्यात ‘फाइलझिला’ असा फोल्डर सापडेल. त्यातली ‘साइटमॅनेजर’ नावाची एक्सएमएल फाइल उचलून आणली तरी चालतं. लिनक्सवर हीच फाइल तुमच्या होम फोल्डरातल्या ‘कॉन्फिग’ नावाच्या लपलेल्या फोल्डरात, ‘फाइलझिला’खाली राहते. नावाच्या सुरुवातीला टिंब असलेली प्रत्येक गोष्ट लिनक्सच्या फाइल मॅनेजरमध्ये लपलेली असते; कंट्रोल आणि एच दाबलं की दिसते. संकेतस्थळाची एचटीॲक्सेस (सर्व्हरला सूचना देणारी) फाइलही अशीच टिंबवाली, त्यामुळे ‘सगळं निवडून’ कॉपी केलेल्या फोल्डरातून नेमकी तीच मागे राहते.

त्या एक्सएमएलमध्ये तुमचे पासवर्ड असतात हे लक्षात ठेवा. मास्टर पासवर्ड लावलेला नसेल तर ते फक्त बेस६४ नावाच्या पद्धतीने लिहिलेले असतात. ते कुलूप नाही. टर्मिनलमध्ये एका ओळीत ते उलटवून वाचता येतात आणि पासवर्ड चोरणारे प्रोग्राम पहिल्यांदा हीच फाइल शोधतात. म्हणून इम्पोर्ट झालं की पेनड्राइव्हवरून ती पुसा, आणि ‘एडिट’मधल्या ‘सेटिंग्ज’मध्ये ‘इंटरफेस’खाली ‘पासवर्ड’ या पानावर मास्टर पासवर्ड लावा. ही सोय २०१७पासून आहे, तरी बहुतेक लोक तिच्याकडे फिरकत नाहीत. मास्टर पासवर्ड विसरलात तर साठवलेले पासवर्ड परत मिळत नाहीत, पण ते हॉस्टिंगच्या पॅनेलवरून बदलता येतात, तेव्हा घाबरण्यासारखं काही नाही. कार्यालयातल्या सामाईक संगणकावर तर मी पासवर्ड साठवूच नका म्हणेन. साइटच्या नोंदीत लॉगिनचा प्रकार ‘आस्क फॉर पासवर्ड’ ठेवा.

आता तुमच्या मूळ दुखण्याकडे येऊ: लॉगिन होतं, स्वागताचा संदेश येतो, आणि मग यादी येत नाही. हे समजायला एफटीपीची, म्हणजे फाइलझिला ज्या जुन्या पद्धतीने फाइली ने-आण करतं तिची, घडण थोडी माहीत हवी. या प्रोटोकॉलचा पहिला मसुदा एप्रिल १९७१चा, आरएफसी ११४ (आरएफसी म्हणजे जाळ्याच्या नियमांचे क्रमांक दिलेले जाहीर दस्तऐवज), आणि तो लिहिणारा माणूस आपल्याकडचा: अभय भूषण. कानपूर आयआयटीच्या अगदी पहिल्या तुकडीतून बाहेर पडून ते एमआयटीत गेले होते. आज आपण जे एफटीपी वापरतो ते ऑक्टोबर १९८५च्या आरएफसी ९५९मधलं. तेव्हा जाळ्यावरचा प्रत्येक संगणक दुसऱ्याला थेट दिसत होता. घरगुती राउटर, एकाच पत्त्यामागे दडलेली दहा यंत्रं, फायरवॉल, यातलं काहीच नव्हतं. म्हणून त्यात दोन वेगळ्या जोडण्या आहेत. एक हुकूम देण्याची, पोर्ट २१वर (पोर्ट म्हणजे संगणकाचं आकडा दिलेलं दार). दुसरी प्रत्यक्ष मालाची, म्हणजे फाइलची किंवा फोल्डरच्या यादीची, आणि ती दर वेळी नव्याने उघडते. लॉगिन पहिल्या जोडणीवर होतं, यादी दुसऱ्या जोडणीवर येते. तुमची पहिली जोडणी धडधाकट आहे, दुसरी कुठेतरी अडते.

दुसरी जोडणी कोण उघडतं यावरून दोन पद्धती पडतात. ॲक्टिव्हमध्ये सर्व्हर तुमच्या संगणकाकडे उलट येतो. आपल्याकडे मोबाइल इंटरनेटवर आणि बऱ्याच ब्रॉडबँडवरही अनेक ग्राहक एकाच सार्वजनिक पत्त्यामागे असतात, त्यामुळे बाहेरून येणारी जोडणी तुमच्यापर्यंत पोचण्याचा प्रश्नच नाही. ॲक्टिव्ह विसरा. पॅसिव्हमध्ये सर्व्हर सांगतो की अमुक पोर्टवर या, आणि तुमचा संगणक तिकडे जातो. फाइलझिला मुळात पॅसिव्हच वापरतं.

खिडकीच्या वरच्या भागात ओळी सरकत असतात ना, त्या वाचायची सवय लावा. तिथे २२७ने सुरू होणारी एक ओळ येते, ‘एंटरिंग पॅसिव्ह मोड’, आणि पुढे कंसात स्वल्पविरामांनी तोडलेले सहा आकडे. पहिले चार म्हणजे सर्व्हरचा आयपी पत्ता. शेवटच्या दोनांतून पोर्ट निघतो: पाचव्याला २५६ने गुणा आणि सहावा मिळवा. समजा शेवटी १९५ आणि ८० आहेत, तर ४९९२० अधिक ८०, म्हणजे पोर्ट ५००००. फाइलझिला आता त्या पोर्टावर जाऊन दार ठोठावतं. तो पोर्ट सर्व्हरच्या फायरवॉलमध्ये उघडा नसेल, किंवा तुम्ही ज्या जाळ्यावर बसलात तिथून असले पोर्ट बाहेर जाऊ देत नसतील, तर २० सेकंद वाट पाहून ते हात टेकतं आणि यादी मिळाली नाही असं लाल अक्षरांत सांगतं. पहिले चार आकडे १९२.१६८ किंवा १० ने सुरू होत असतील तर सर्व्हर आपला घरातला पत्ता बाहेर सांगतोय; फाइलझिला तेवढं ओळखून मूळ पत्ताच वापरतं आणि तसं लिहितं.

दोष कुणाचा हे कळायला सोपी चाचणी आहे. फोनचा हॉटस्पॉट सुरू करा, संगणक त्यावर जोडा, पुन्हा करून पाहा. यादी आली तर दोष कार्यालयाच्या जाळ्याचा. शाळा, कॉलेज, सरकारी इमारतींत ब्राउझिंगपुरतेच पोर्ट उघडे ठेवतात. तरीही नाही आली तर दोष हॉस्टिंगकडचा, आणि त्यांना ‘पॅसिव्ह पोर्टांची रेंज फायरवॉलमध्ये उघडा’ एवढंच एक वाक्य पाठवा. ‘एफटीपी चालत नाही’ असं लिहिलंत तर पासवर्ड बदलून पाहा असं छापील उत्तर येतं. मिंटची स्वतःची फायरवॉल मुळात बंद असते आणि चालू केली तरी बाहेर जाणाऱ्या जोडण्या अडवत नाही, तेव्हा तिच्याशी खेळत बसू नका.

इथे लोक हमखास एक उद्योग करतात. एनक्रिप्शन बंद करून साधं एफटीपी लावलं की यादी येते, मग ‘जमलं’ म्हणून तसंच ठेवून देतात. असं होण्याचं कारण आहे. काही फायरवॉल एफटीपीची पहिली जोडणी चोरून ऐकतात, २२७ची ओळ वाचतात आणि तेवढ्यापुरता तो पोर्ट उघडतात. टीएलएस, म्हणजे एफटीपीवरचं हे एनक्रिप्शन, लावलं की संभाषण बंद पाकिटात जातं, फायरवॉलला काही वाचता येत नाही, दार बंद राहतं. म्हणजे टीएलएस बिघडलेलं नसतं. रेंज कायमची उघडायची राहिलेली असते. साध्या एफटीपीत तुमचा पासवर्ड जसाच्या तसा तारेवरून जातो. मधल्या कुणालाही तो वाचता येतो, त्याला हुशारीही लागत नाही.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे: हॉस्टिंग देत असेल तर एसएफटीपीच वापरा. नावातलं साम्य फसवं आहे. एसएफटीपी म्हणजे कुलूप लावलेलं एफटीपी नव्हे. ती एसएसएचच्या (दूरच्या संगणकाशी बंद पाकिटातून बोलण्याची पद्धत) आत चालणारी पूर्ण वेगळी गोष्ट आहे. एसएसएच १९९५मध्ये हेलसिंकीच्या तंत्र विद्यापीठात टाटू युलोनेन यांनी लिहिलं, तेही विद्यापीठाच्या जाळ्यावर पासवर्ड चोरण्याचा प्रकार घडल्यावर. एसएफटीपीत हुकूम आणि माल एकाच जोडणीतून, सहसा पोर्ट २२वरून जातात. पॅसिव्हची सगळी भानगड तिथेच मिटते. फक्त तुमच्या जाळ्याने तो एक पोर्ट अडवलेला नसावा.

साइट मॅनेजर उघडा (कंट्रोल आणि एस), ‘न्यू साइट’, आणि ‘प्रोटोकॉल’च्या रकान्यात एसएफटीपी निवडा. होस्ट म्हणून हॉस्टिंगने दिलेलं सर्व्हरचं नाव. पोर्ट त्यांनी वेगळा दिला असेल तर तो, नाहीतर रिकामा. प्रोटोकॉल एफटीपीच ठेवून नुसता पोर्ट २२ टाकलात तर फाइलझिला स्पष्ट सांगतं की एसएफटीपी सर्व्हरला एफटीपीने जोडता येत नाही. आणखी एक मेख सीपॅनेल (हॉस्टिंगचं एक नियंत्रण-पॅनेल) वापरणाऱ्यांसाठी: पॅनेलमध्ये वेगळं बनवलेलं ‘एफटीपी खातं’ एसएफटीपीला चालत नाही, त्याला पॅनेलचं मुख्य खातं लागतं. पासवर्ड बरोबर असूनही आत घेत नसेल तर आधी हे तपासा, आणि पुन्हा पुन्हा लॉगिन करत बसू नका. चुकीचे प्रयत्न साठले की सर्व्हर तुमचा पत्ता काही काळ अडवतो, मग बरोबर पासवर्डनेही नुसतं ‘टाइम्ड आउट’ येतं आणि माणूस आणखी गोंधळतो.

पहिल्या जोडणीला सर्व्हरच्या किल्लीचा ठसा दाखवून ‘विश्वास ठेवायचा का’ असं विचारलं जाईल. हॉस्टिंगने ठसा कळवला असेल तर ताडून पाहा, मग ‘कायम विश्वास’वर खूण करा. नंतर कधीतरी अचानक ‘ठसा बदललाय’ असा इशारा आला तर मात्र ओके दाबू नका. सर्व्हर बदलला असू शकतो, तसं हॉस्टिंगला विचारून खात्री करा.

रोजचं काम असेल तर पासवर्डऐवजी किल्ली घ्या. टर्मिनलमध्ये ‘एसएसएच-कीजेन’ चालवा, प्रकार ईडी२५५१९ द्या, किल्लीला सांकेतिक वाक्य लावा. दोन फाइली तयार होतात. ‘पब’ शेपटीची सार्वजनिक, ती हॉस्टिंगच्या पॅनेलवर चढवायची. दुसरी कुणालाच द्यायची नाही, ईमेलने स्वतःलाही पाठवायची नाही. साइटच्या नोंदीत लॉगिनचा प्रकार ‘की फाइल’ करून ती दाखवा. प्रकार मुद्दाम सांगितला, कारण एसएफटीपीसाठी फाइलझिला आतून पटी या एसएसएच प्रोग्रामचा कोड वापरतं, आणि एप्रिल २०२४मध्ये बोखुमच्या रुअर विद्यापीठातल्या संशोधकांनी त्यात एक वाईट दोष दाखवला: पी-५२१ प्रकारच्या किल्लीने केलेल्या सुमारे ६० सह्या जमवल्या की खासगी किल्लीच काढता येत होती. फाइलझिला ३.६७.०मध्ये तो दुरुस्त झाला. तुमच्याकडे त्या प्रकारची जुनी किल्ली असेल तर ती टाकून द्या, सर्व्हरवरूनही काढा. ईडी२५५१९ला हा त्रास नव्हता.

हॉस्टिंग एसएफटीपी देतच नसेल, तर एफटीपीसोबत ‘एनक्रिप्शन’च्या रकान्यात ‘रिक्वायर एक्स्प्लिसिट’ निवडा. मुळात तिथे ‘उपलब्ध असेल तर’ असा पर्याय असतो. मला तो आवडत नाही, कारण ‘नसेल तर’चं उत्तर उघडा पासवर्ड असं आहे. प्रमाणपत्राचं नाव जुळत नाही असं आलं तर होस्टच्या जागी तुमच्या संकेतस्थळाच्या नावाऐवजी सर्व्हरचं मूळ नाव टाकून पाहा. सामाईक हॉस्टिंगवर प्रमाणपत्र बहुधा त्याच नावाचं असतं.

वापराबद्दल फार लिहीत नाही, विंडोजवर हात बसलेला आहेच. डावीकडे आपला संगणक, उजवीकडे सर्व्हर. फरक एवढाच की इथे सी आणि डी ड्राइव्ह नाहीत. पेनड्राइव्ह ‘मीडिया’ फोल्डरात तुमच्या वापरकर्ता-नावाखाली सापडेल. लिनक्स लहान-मोठं रोमन अक्षर वेगळं मानतं, त्यामुळे विंडोजवर चालून गेलेलं ‘मोठ्या एलचं लोगो’ आणि ‘लहान एलचं लोगो’ इथे दोन निरनिराळ्या फाइली होतात. उजव्या बटणाने ‘व्ह्यू/एडिट’ केल्यावर ‘या प्रकाराला प्रोग्राम जोडलेला नाही’ असं आलं तर सेटिंग्जमधल्या ‘फाइल एडिटिंग’मध्ये मिंटचा एक्सएड हा संपादक नेमून द्या.

सगळ्यात दुर्लक्षित जागा म्हणजे खालच्या पट्टीतला ‘फेल्ड ट्रान्सफर्स’ टॅब. रांग रिकामी झाली म्हणजे सगळं चढलं असा समज असतो. तसं नाही. न गेलेल्या फाइली गुपचूप त्या टॅबमध्ये जाऊन बसतात. दर वेळी तिथे डोकवा, उजवं बटण दाबून सगळ्या पुन्हा रांगेत लावा. ४२१ आकड्याने ‘फार जोडण्या झाल्या’ असं सर्व्हर म्हणत असेल तर साइटच्या नोंदीतल्या ‘ट्रान्सफर सेटिंग्ज’मध्ये जोडण्या एक किंवा दोनवर आणा. ५५० किंवा ५५३ आलं तर बहुतेक वेळा तुम्ही चुकीच्या फोल्डरात आहात. ‘पब्लिक एचटीएमएल’ किंवा तुमच्या हॉस्टिंगचा जो असेल त्याच्या आत जा. परवानग्या फाइलला ६४४ आणि फोल्डरला ७५५. ७७७ (कुणालाही सगळं करायची मुभा) करा म्हणणाऱ्याला नमस्कार करा आणि पुढे चला.

फाइल आधीच असेल तेव्हा ‘नवी असेल तरच बदला’ हा पर्याय सोयीचा, पण जुन्या एफटीपी सर्व्हरवर तो दगा देतो. तिथल्या यादीतली वेळ सर्व्हरच्या देशातली असते, आणि आपली वेळ जागतिक वेळेच्या (यूटीसी) साडेपाच तास पुढे. सकाळी दुरुस्त केलेली पीडीएफ जुनी ठरून वगळली जाऊ शकते, किंवा उलट. साइटच्या नोंदीत ‘ॲडव्हान्स्ड’ टॅबमध्ये सर्व्हरच्या वेळेतला फरक तास आणि मिनिटांत भरता येतो. एसएफटीपीत हा घोळ नाही.

आता मराठी नावं. एकाच नावाच्या दोन फाइली दिसतात याचं कारण ती नावं एकच नाहीत. दिसायला एक आहेत, आत वेगळी. ‘दुसऱ्या’ हा शब्द घ्या. त्यातला ‘ऱ’ युनिकोडमध्ये एकच स्वतंत्र अक्षर म्हणून लिहिता येतो, साधा ‘र’ आणि त्याखाली नुक्ता असा दोन चिन्हांतही लिहिता येतो. काही कीबोर्ड तर साधा ‘र’, हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह वापरून तोच आडवा रफार काढतात. डोळ्यांना तिन्ही सारखे. लिनक्स सर्व्हर मात्र नाव म्हणजे नुसते बाइट बघतो: पहिल्या ‘ऱ’चे तीन बाइट, दुसऱ्याचे सहा. म्हणून त्याच्या लेखी त्या वेगळ्या फाइली. जुन्या मॅकची फाइल-व्यवस्था नावं आपणहून फोडून दुसऱ्या रूपात साठवत असे. तुमच्यापैकी कुणी मॅकवरून आणि कुणी विंडोजवरून तीच पीडीएफ चढवली असेल तर हा प्रकार होणारच. कोणती ठेवायची हे नावावरून ठरवू नका. आकार आणि तारीख बघा, आणि पानावरचा दुवा उघडून कोणती चालते ते पाहूनच दुसरी पुसा.

नावाच्या जागी डोक्यावर तिरकी रेघ असलेलं रोमन ‘ए’ आणि चलनाची गोल खूण अशी माळ दिसत असेल तर ती यूटीएफ-८ नावं चुकीच्या संचात वाचली जाताहेत. ‘कॅरेक्टर सेट’ टॅबमध्ये ‘फोर्स यूटीएफ-८’ करा. आणि ‘नाव फार लांब आहे’ अशी तक्रार आली तर कारण असं: लिनक्सवर नावाला २५५ बाइटांची मर्यादा, देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं, काना-मात्राही त्यात धरायचे. म्हणजे जेमतेम ८५ चिन्हं. ‘अमुक ग्रंथमाला, पुष्प तिसरं, सुधारित आवृत्ती’ असं भरघोस नाव पुस्तकाच्या आणि लेखकाच्या नावासकट त्यापलीकडे जाऊ शकतं.

मराठीचा अभिमान मलाही आहे, तरी सर्व्हरवरच्या फाइलींची नावं रोमन लहान अक्षरं, आकडे आणि आडव्या रेघा एवढ्यातच ठेवा. मराठी शीर्षक पानावर ठसठशीत द्या. दुव्यात देवनागरीचं एक चिन्ह नऊ रोमन अक्षरांचं होतं. नुसतं ‘वाचनालय’ त्रेसष्ट अक्षरं घेतं. असा दुवा कुणी व्हॉट्सॲपवर पाठवला की टक्क्यांच्या चिन्हांची रांग लागते आणि सभासद ती उघडायला घाबरतात.

शेवटी, महिन्याला शेकड्याने स्कॅन चढत असतील तर फाइलझिला हे त्या कामाचं हत्यार नव्हे. मिंटच्या फाइल मॅनेजरमध्येच ‘कनेक्ट टू सर्व्हर’ आहे, किरकोळ कामाला ते पुरतं. मोठ्या कामाला, हॉस्टिंग एसएसएच देत असेल तर आरसिंक हा टर्मिनलमधला प्रोग्राम. ते फक्त बदललेलं तेवढंच पाठवतं. नुसतं एसएफटीपी असेल तर एलएफटीपी या तशाच प्रोग्रामचा ‘मिरर’ हुकूम, उलट्या दिशेने, म्हणजे आपल्या संगणकाकडून सर्व्हरकडे. दोन्हींना ‘ड्राय-रन’ची सोय आहे, म्हणजे काय काय होईल ते न करता दाखवणारी. पहिल्या खेपेला ती वापराच, आणि आरसिंकमध्ये स्रोत फोल्डरच्या नावाशेवटी तिरकी रेघ आहे की नाही तेही बघा: रेघ असेल तर फोल्डरातला माल जातो, नसेल तर फोल्डरच उचलून आत ठेवला जातो. ‘डिलीट’चा पर्याय लावून ही रेघ चुकली, तर सर्व्हरवरच्या नको त्या फाइली पुसल्या जातात.